गमबूट आणि नऊ दिवस

नारायणगावजवळच्या टोमॅटो प्युरीच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. गेल्या वर्षी घटस्थापनेच्या सकाळी, नुकतीच टोमॅटो धुण्याच्या कामाला लागलेली बोरी बुद्रुकची एक बाई गेटवर अनवाणी उभी होती. वॉचमन तिला आत सोडत नव्हता. टोमॅटो धुण्याच्या विभागात गमबुटाशिवाय कुणालाच जाऊ देत नाहीत. तिथं फरशीवर गरम पाणी असतं, सोडा असतो.

"ताई, नऊ दिवस मी पायात काय घालत न्हाई," ती म्हणाली. "मागं शेतावर व्हते, तवा कोण इचारत नव्हतं."

मॅनेजर म्हणाले, "पाय भाजला तर जबाबदार कोण?"

"त्ये बी खरंय. मला वल्या जागंत धाडूच नका मग."

मला तिचं नवल वाटलं. नियम मोडा, असं ती म्हणतच नव्हती.

वरच्या मजल्यावर लेबलं लावायची कोरडी खोली होती. पण तिथल्या मुलीला खाली कसं आणायचं? मी घुटमळत होते, तेवढ्यात बॉयलरवरचे चाचा म्हणाले, "अदलाबदल करा ना. मी तेच करतो."

"तुम्ही काय करता?"

"शुक्रवारी नमाजला जातो तेव्हा जोडीदार बॉयलर बघतो. लक्ष्मीपूजनाला त्याची ड्युटी मी करतो."

सात वर्षं मी त्यांना दिवाळीत बॉयलरपाशी बघत होते. त्यांना ओव्हरटाइमची हौस असेल, असं मी धरून चालले होते. कधी विचारलं नव्हतं.

लेबलवाली मुलगी लगेच तयार झाली. तिला वर एकटीला कंटाळाच यायचा. धुण्याच्या विभागातून जावं लागू नये म्हणून बाई बाहेरच्या लोखंडी जिन्यानं वर जायची. दुपारी तो जिना तापायचा, म्हणून तिनंच पायऱ्यांवर ओली पोती टाकली.

एकदा मी विचारलं, "त्रास होत नाही?"

"पयले दोन दिस खडं टोचत्यात. मग पायच बघून पडतो." मग तिनंच विचारलं, "तुमी काय पाळता, ताई?"

संकष्टीचा उपास धरते, पण तो कुणासाठी, हे मी कधी मनाशी नीट मांडलंच नव्हतं.

दसऱ्यानंतर ती चप्पल घालून आली, गमबूट चढवले आणि परत धुण्यावर लागली. मी मॅनेजरांशी बोलून चाचांची शुक्रवारची अदलाबदल ड्युटीच्या तक्त्यात घातली. चाचा जरा बिचकले. "लिहिलं म्हणजे कुणी खोडणार तर नाही?" असं त्यांनी दोनदा विचारलं. अजून तरी कुणी खोडलेलं नाही.

यंदा मॅनेजरांनी आधीच विचारलं, "नवरात्रात कोण कोण अनवाणी?" तीन हात वर झाले. वरच्या खोलीत दोघीच मावतात. तिसरीचं काय करायचं, यावर आमचं बोलणं चालू आहे.