परीक्षा झाल्यावर सांगू

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं एका दिवसाच्या सहलीला गेलो. मी, बायको आणि आमची मुलगी. मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयहून उत्तरेला चारएक तासांवर, ह्यूरन सरोवराच्या काठी एक लहान गाव आहे. तिथली सगळी जमीन चुनखडीची. सकाळी गाइडबरोबर जंगलातल्या खोल खड्ड्यांमधून फेरी, दुपारी काचेच्या तळाच्या बोटीतून खाडीत दोन तास, असा कार्यक्रम होता. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलीने परस्पर बुकिंग केलं होतं. मला जायचं नव्हतं. हल्ली मला कुठेच जायचं नसतं. घरी बसूनही थकायला होतं, मग गाडीत बसून थकलं तर काय, असं म्हणून गेलो.

जायचं नसण्याचं खरं कारण निराळं होतं. माझ्या फोनमध्ये तीन आठवड्यांपासून एक मेसेज पडून होता आणि तो मी बायकोला दाखवला नव्हता. मेसेज तिच्या भाचीचा, नागपूरहून आलेला. बायकोच्या मोठ्या भावाचं सहस्रचंद्रदर्शन डिसेंबरात करायचं ठरलं होतं. त्याचं आमंत्रण आणि खाली चार ओळी:

"काका, आत्याला मी स्वतः फोन करणार होते. पण बाबा नको म्हणतात. म्हणतात, सख्ख्या आईसाठी आली नाही, परीक्षा झाल्यावर येते म्हणाली, ती माझ्यासाठी कशाला येईल. तुम्हीच बघा कसं विचारायचं ते."

बायको परीक्षा झाल्यावर येते असं कधीच म्हणाली नव्हती. म्हणालो होतो मी.

गाडी मुलगी चालवत होती. मी चालवू का, असं एकदा विचारून बघितलं.

"नो वे, बाबा. मागच्या वेळी तू एक्झिट मिस केलीस आणि मग म्हणालास, हाच रस्ता चांगला आहे."

"चांगलाच होता तो," मी म्हटलं.

"तासभर जास्त चांगला होता," बायको मागून म्हणाली. तिच्या मांडीवर दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता. "यांचं सगळं असंच. चुकले की तोच बेत होता म्हणायचं."

दोघी हसल्या. मीही हसलो. हसण्याचा सुद्धा शीण येतो, हे तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

त्या भागात जमिनीखाली पाणी वाहतं. चुनखडी विरघळते, पोकळी होते आणि एखाद्या दिवशी वरची जमीन आत बसते. खड्डे म्हणजे साधेसुधे नाहीत, पाचसहा मजली इमारत उभी मावेल एवढे. कडेने देवदार, तळाशी पडलेली झाडं आणि भर ऑगस्टमध्ये खालून येणारा गार वारा. आमची गाइड शाळेतून निवृत्त झालेली विज्ञानाची बाई होती. उन्हाने भाजलेला चेहरा, हातात काठी, आणि वर्गात बोलल्यासारखा आवाज. इथे मुरलेलं पाणी कित्येक मैल जमिनीखालून जातं आणि खाडीच्या तळातून वर येतं, असं तिने सांगितलं. बायकोने दोन प्रश्न विचारले. ती नेहमी विचारते. तीस वर्षं मुलांची डॉक्टर होती, न विचारता तिला काही कळल्यासारखं वाटत नाही.

सगळ्यात मोठ्या खड्ड्यात उतरायला लाकडी जिना होता. शंभराच्या वर पायऱ्या. बायकोचे गुडघे आणि माझा श्वास, दोन्ही नाही म्हणाले. मुलगी बाकीच्यांबरोबर खाली गेली आणि आम्ही वर बाकावर बसलो. बायकोने थर्मासमधला चहा ओतला.

"परवा दादाचा वाढदिवस होऊन गेला," ती म्हणाली. "एक्क्याऐंशीवं लागलं असेल. सहस्रचंद्र करतील बहुतेक. आपल्याला कशाला सांगतील."

तिच्या आवाजात राग नव्हता. चहा निवला, असं सांगावं तसं ती म्हणाली. मी खिशातून फोन काढला आणि मेसेज उघडून तिच्या हातात दिला. ठरवून दिला असं म्हणवत नाही. लपवून ठेवण्याचं बळ संपलं होतं, एवढंच.

तिने चष्मा बदलला. दोनदा वाचलं.

"परीक्षा झाल्यावर येते असं मी कधी म्हणाले?"

मग मी सांगितलं. जसं सांगितलं तसंच इथे लिहितो.

चाळीस वर्षांहून जास्त झाली. आम्ही मिशिगनला येऊन चार वर्षं झाली होती. मी मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर. ती नागपूरची डॉक्टर, पण इथली परीक्षा पास झाल्याखेरीज तिच्या डिग्रीला इथे काही अर्थ नव्हता. एकदा नापास झाली होती. मुलगी दोन वर्षांची. दुसऱ्या खेपेला ती रोज संध्याकाळी मी आलो की लायब्ररीत जाऊन बसायची. परीक्षेला नऊ दिवस उरले असताना तिच्या भावाचा ट्रंक कॉल आला. फोन मी घेतला. आई अंथरुणाला खिळली आहे, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, तिचं नाव घेते आहे, लगेच पाठवा.

आमच्याकडे अशी रीतच आहे. मुलाची बारावी असली की आजोबा गेलेले आठ दिवस कळू देत नाहीत. बाळंतीण असली की सांगत नाहीत. प्रवासात असेल तर सांगत नाहीत. सगळे मिळून लपवतात आणि त्याला माया म्हणतात. मला ते लपवणं वाटलंच नाही. घरातला शहाणा माणूस करतो तेच मी करतोय असं वाटलं. तिला सांगितलं नाही. पण भावाला काय सांगायचं? तो पलीकडून ओरडून विचारत होता, लाइन खरखरत होती. मी म्हणालो, "तिला सांगितलंय. परीक्षा झाली की येते म्हणाली."

सातव्या दिवशी दुसरा फोन आला. आई गेली. परीक्षेला दोन दिवस होते. तेही मी गिळलं. ती पेपर देऊन आली, तिला जेवू घातलं आणि मग सांगितलं की दादाचा आज फोन आला, झटका आला, आज पहाटे गेली.

पुढे तिच्या मावसबहिणीचं पत्र आलं, त्यात आई आठवडाभर पडून होती असा उल्लेख होता. बायकोने भावाला लिहिलं, एवढी आजारी होती तर मला कळवलं का नाहीस? पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. ते मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये फाडून टाकलं. ती उत्तराची वाट बघत राहिली. उत्तर आलं नाही, कसं येणार. तिला वाटलं, दादाला माझी किंमत नाही. त्याला वाटलं, अमेरिकेत गेल्यावर हिला आईची किंमत राहिली नाही. नंतर दोघं दोनदा भेटले, दोन्ही वेळा लग्नात. प्रवास कसा झाला, मुलगी कितवीत आहे, बस्स. दोघंही मानी. मी त्या मानीपणावर विसंबून राहिलो.

परीक्षेत ती पास झाली. तिचं सगळं काम, हे घर, मुलीचं शिक्षण त्यावर उभं राहिलं. पुष्कळ वर्षं मी स्वतःशी हेच पुढे करत आलो. बाकावर बसून तेही म्हणायला लागलो, पण तिने हाताने थांबवलं.

तेवढ्यात मुलगी धापा टाकत वर आली. "आई, यू शुड हॅव सीन! खाली फ्रीजसारखं थंड आहे." मग आमचे चेहरे बघून म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही," बायको म्हणाली. "बोटीची वेळ झाली."

बोट मोठी होती, पन्नाससाठ माणसांची. मधोमध तळाला काचा बसवलेल्या आणि भोवती कठडा. किनारा सुटल्यावर सगळे कठड्याभोवती जमले. हिरव्या पाण्यातून बुडालेल्या जहाजाचं लाकूड दिसायला लागलं, सांगाडा सगळा शाबूत. गार गोड्या पाण्यात लाकूड कुजत नाही, असं स्पीकरवरून कोणी सांगत होतं. मुलगी फोटो काढत होती. बायको मागच्या बाकावर, वाऱ्यात, पदर डोक्यावरून घेऊन बसली होती. मी शेजारी बसलो. तिने सरका म्हटलं नाही आणि बसा म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने विचारायला सुरुवात केली. पेशंटच्या आईला विचारायची तसं, एकेक.

"पहिला फोन कुठल्या वारी आला?"

"गुरुवारी."

"आई शुद्धीवर होती?"

"होती."

"बोलत होती?"

"दादा म्हणाला, तुझं नाव घेते."

"त्या दिवशी निघाले असते तर पोचले असते?"

"शनिवारपर्यंत पोचली असतीस."

ती पाण्याकडे बघत राहिली. कोणीतरी लहान पोराला काचेजवळ उचलून धरलं होतं आणि ते मोठ्याने किंचाळत होतं. मग ती अगदी हळू म्हणाली, "तिथी?"

हाच प्रश्न येऊ नये असं मला वाटत होतं. दर वर्षी श्रावण शुद्ध दशमीला ती आईचं पान वाढते. श्राद्ध भाऊ करतो, तो त्याचा अधिकार. पण ही खीर करते, अळूवडी करते, आईला आवडायची म्हणून कैरीचं लोणचं मुद्दाम पानात वाढते आणि पान झाडाखाली ठेवून येते. बर्फाच्या देशात श्रावणात तरी खारी येऊन खातात. त्या वर्षीचं पान वाढून पंधरा दिवसही झाले नव्हते. अळूची पानं मीच आणली होती.

"अष्टमी," मी म्हणालो.

"चाळीस वर्षं तुम्ही बाजारातून अळू आणून दिलंत."

"हो."

"दशमीला."

"हो."

ती रडली नाही. पदर सोडला, केस नीट केले आणि उठून मुलीजवळ कठड्याशी जाऊन उभी राहिली. मुलीने तिला काही दाखवलं, तिने मान हलवली. मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलणार नाही. त्या विचाराने भीती वाटायला हवी होती. वाटला तो थकवा, ओझं उतरवलेल्या हमालाला येतो तसा. त्याची मला लाज वाटली.

बोट धक्क्याला लागली. नागपुरात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली असेल, फोन करता येत नव्हता. पार्किंगमध्ये गाडीजवळ आल्यावर बायकोने माझा फोन मागितला, भाचीचा मेसेज उघडला, बोलून पाठवायचं बटण दाबून तो माझ्या तोंडापुढे धरला.

"सांगा."

"काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच. दादासाठी."

मुलगी गाडीचं दार उघडं धरून उभी होती. मी बोललो. फोन आला होता, तिला सांगितलं गेलं नाही, परिस्थितीच तशी होती, परीक्षा होती, असं कायसं. बायकोने ते ऐकून पुसून टाकलं.

"परत. सांगितलं गेलं नाही म्हणजे काय? कोणी सांगितलं नाही?"

दुसऱ्यांदा बोललो. मी सांगितलं नाही. परीक्षा झाल्यावर येते असं मी म्हणालो, ती नाही. तिचं पत्र मी फाडलं. तिला तिथी मी चुकीची सांगितली. या वेळी तिने पुसलं नाही, पाठवून दिलं आणि फोन माझ्या खिशात घातला.

"बाबा," मुलगी म्हणाली, आणि दार सोडून आईजवळ येऊन उभी राहिली.

"माझं नागपूरचं तिकीट बघ," बायको तिला म्हणाली. "एकटीचं. दिवाळीच्या आधीचं."

ती गेली. जाताना माझ्या गोळ्यांचे डबे भरून, वारांच्या चिठ्ठ्या लावून गेली. रोज सकाळी, नागपूरच्या संध्याकाळी, तिचा फोन येतो. गोळी घेतली का, बर्फ पडला का, शेजाऱ्यांना किल्ली दिली का. त्या विषयावर ती बोलत नाही. मी विचारत नाही. माफ केलं का असं विचारणं म्हणजे तिला आणखी एक काम लावणं.

डिसेंबरात, सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिने न सांगता फोन भावाच्या हातात दिला. मी खुर्चीत ताठ बसलो. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांशी पाच मिनिटं बोललो नव्हतो.

"जावईबापू," तो म्हणाला. आवाज पार खोल गेलेला. "तुमचं ऐकलं मी. तीनदा ऐकलं. आता तुमच्यावर रागवायचं म्हटलं तरी मला धाप लागते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शेवटच्या दिवशी आईने विचारलं, पोरीचे पेपर कसे गेले? परीक्षा व्हायची होती अजून. मी म्हटलं, चांगले गेले, निघालीय ती. मग आईने डोळे मिटले. हे मी हिला काल सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार. उठून आत गेली. संध्याकाळी बाहेर आली तेव्हा म्हणाली, पुढच्या श्रावणात अष्टमीला मी इथेच असेन."

फोन परत तिच्या हातात गेला. मागे भांडी वाजत होती, कोणीतरी तिला आत्या म्हणून हाक मारत होतं.

"श्रावणापर्यंत राहतेस?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "रविवारच्या डब्यातली पांढरी गोळी अर्धीच घ्यायची आहे, लक्षात आहे ना?"

आहे म्हटलं.