टाचांच्या भेगा आणि जेलीची डबी

कांद्याच्या लागणीला आमच्याकडे चपला बांधावर राहतात. भिजलेल्या वाफ्यात दिवसभर अनवाणी बसून रोपं खोचायची, त्यामुळे दर थंडीत सासूबाईंच्या टाचा उलतात. त्यांना शुगर आहे, म्हणून मला त्या भेगांची धास्ती. साधी जखम चिघळून पाय गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. मंचरच्या बाजारातून पेट्रोलियम जेलीची डबी आणली.

"पेट्रोल? मी काय मोटारसायकल हाये?" सासूबाई म्हणाल्या. लावायला बसल्या त्या चुलीपासून चार हात लांब.

रात्री पाय धुऊन, कोरडे करून लावा, असं मी बजावलं होतं. पण सुनेचं ऐकतील तर त्या सासू कसल्या! मोटारीला वंगण द्यावं तशी सकाळी टाचांना जेली फासायच्या आणि वाफ्यात उतरायच्या. संध्याकाळी पायावर तांब्याभर पाणी ओतलं की झालं. तेलकट टाचेवरची माती तेवढ्यानं कुठली निघते?

काही दिवसांनी म्हणाल्या, "लई गुण आला बघ. आता आजाबात दुखत न्हाई." मी खूश. शेजारणींनाही डबी आणायला लावली.

मग एका सकाळी त्यांच्या अंथरुणावर पिवळट डाग दिसला. टाच वळवून पाहिली तर भेगेत पू. त्या नको नको म्हणत असताना रिक्षात घालून मंचरला नेलं.

डॉक्टरांनी भेग धुतली, आतून माती निघाली. म्हणाले, "जेली वाईट नाही. कातडीतला ओलावा ती आत धरून ठेवते. पण वरून लावली की मळही आतच राहतो. स्वच्छ टाचेला खुशाल लावा. अशा चिघळलेल्या जखमेवर नाही, आणि बोटांच्या बेचक्यातही नाही."

"पण डॉक्टर, यांचं दुखणं तर थांबलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी सासूबाईंना डोळे मिटायला लावले आणि एक बारीक टोकदार काडी हातात घेतली. "टोचलं की सांगा, आजी."

सासूबाई डोळे गच्च मिटून बसल्या. डॉक्टरांनी अंगठ्याला टोचलं, तळव्याला टोचलं, दुसऱ्या पायालाही टोचलं.

"टोचा की आता, डॉक्टर," सासूबाई हसत म्हणाल्या. "मी काय भीत न्हाई."