खवट लाडू

मुलांनो, ‘ओशट’ हा शब्द तुम्हाला समजावायचा तर मला एक माणूस आठवतो. तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं, त्या दिवसांत हा जमिनीचा दलाल घिवलीला आमच्या ओटीवर येऊन बसे. ताट धुतल्यावरही बोटांना जे लागत राहतं, तसं त्याचं बोलणं होतं. छातीवर हात ठेवून तो आधी “काय सांगू” म्हणे, मग माझं इंग्रजी, सासऱ्यांचं नाक, गोठ्यातली म्हैस, सगळ्यांची स्तुती करी. सासरे विरघळले. तो म्हणेल त्या भावात नारळाची वाडी विकायला ते तयार झाले.

सौदा ठरायच्या दिवशी सासूबाईंनी मुद्दाम खवट खोबऱ्याचे लाडू केले. पहिल्याच घासाला दलालाच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी म्हणाला, “काय सांगू आई, अमृत आहे.”

सासऱ्यांनी एक लाडू तोंडात घातला आणि अंगणात जाऊन थुंकला. परत येऊन ते म्हणाले,

“लाडवाचं खरं बोलत नाय, तो वाडीचं काय बोलनार? आमाला नाय विकायची.”

सासूबाईंनी त्याच्या ताटलीत आणखी एक लाडू ठेवला. “अमृत हाय ना? मग खा.”

त्यानं तो पूर्ण खाल्ला. दारामागे आम्ही सुना तोंडात पदर कोंबून हसत होतो.