आगरदांड्यापर्यंत

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण आम्ही दोघं, फक्त दोघं, कधी कुठं गेलो नव्हतो. सासूबाईंचं दुखणं, मुलांच्या परीक्षा, कारखान्यातल्या पाळ्या, माझी शाळा. कारणं खंडीभर होती. नवरा निवृत्त झाला तेव्हा तोच म्हणाला, नागावपासून हरिहरेश्वरपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जाऊ, सात-आठ दिवस, दोघंच. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना अरे-तुरे करणार आहे, एवढी मोकळीक मला हवी. त्या चालण्याची मला इतकी हाव सुटली की दोन महिने मी रोज संध्याकाळी नवे बूट घालून स्टेशनपर्यंत जाऊन येत होते. दोघांनी बरोबर निघायचं आणि बरोबर पोचायचं, आपापल्या पायांनी. मला एवढंच पाहिजे होतं.

पहिले दोन दिवस छान गेले, खोटं कशाला बोलू. चौल झालं, रेवदंड्याचा पूल झाला, कोर्लई मागे पडली. घरी जो माणूस पेपरातून डोकं वर काढत नाही तो चालताना बोलायला लागला. पहिल्या नोकरीत साहेबाने कसा पाणउतारा केला होता ते त्याने मला इतक्या वर्षांनी सांगितलं. मी मागे पडले की वळणावर थांबायचा. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, आपला संसार सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी मी माती खाल्ली. काशीद सोडल्यावर एक लहानशी खाडी आडवी आली. ओहोटी होती, पाणी जेमतेम घोटाभर, बाकी सगळा चिखल. पूल आत, बराच लांब. नवरा म्हणाला, पुलावरून जाऊ. तो मुंबईत वाढलेला, त्याला चिखलाची किळस. मी माणगावकडच्या भातशेतीतली. गुडघाभर चिखलात लावणी करत मोठी झाले. मी त्याला हसले, बूट काढून गळ्यात अडकवले आणि उतरले. आमच्या शेतातल्या चिखलात पाय रुतला की खाली चिखलच लागतो. खाडीच्या चिखलात खाली दगड असतात, दगडांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात, हे आम्हा शेतकऱ्यांना कोण सांगणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मला आठ वर्षं साखर आहे. डावा पाय करंगळीच्या बाजूने अर्धा बधिर. त्यामुळे कापलं ते कळलंच नाही. पलीकडे जाऊन बघते तर वाळूवर रक्त. नवरा अजून पुलापाशी असेल. मी जखम धुतली, पिशवीतली हळद दाबून भरली, ओढणीची चिंधी बांधली आणि वर मोजा, बूट चढवला. आमच्याकडे कापणीत विळा लागला की असंच करतात आणि परत कामाला लागतात. पण विळ्याची जखम स्वच्छ असते. कालवाची कड आत मोडून राहते. आम्ही हळदवाले लोक, जखमेचं तोंड मिटलं की झालं बरं असं धरून चालणारे.

तो पोचला तेव्हा मी दगडावर बसले होते. मी मुद्दाम म्हटलं, बघा, मी आधी आले. पायाचं बोलले नाही. का नाही बोललीस, असं नंतर डॉक्टरने विचारलं, भावाने विचारलं, मुलीने तर ओरडून विचारलं. कारण आमच्या घरात एक वाक्य आहे, ‘तुझं नेहमी काहीतरी निघतंच.’ महाबळेश्वर रद्द झालं ते माझ्या तापामुळे, गोवा रद्द झालं ते माझी आई गेली म्हणून. आई गेली त्यालाही हेच वाक्य. ते मला त्या समुद्रावर ऐकायचं नव्हतं, बस्स.

मुरुडपर्यंत मी पाय ओढत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटात पाऊल जाईना, मग चप्पल घातली. राजपुरीच्या रस्त्याला एका कोळणीच्या अंगणाशी मी खालीच बसले. ती बोंबील वाळत घालत होती. तिने काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला, चिंधी सोडली आणि माझ्या अकलेचा उद्धार केला. मग गरम पाणी आणलं, सुई तापवली आणि तांदळाच्या कणीएवढी कपची बाहेर काढली. नवरा बघत उभा होता. त्याने जखम तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि त्याच्या तोंडून तेच वाक्य आलं.

कोळीण म्हणाली, “बाय, अजून आत हाय. हळदीनं वरचं तोंड मिटलं, आत नासतंय. आजच्या आज डाक्तर गाठ.” मग त्याच्याकडे वळून तिने सांगितलं की त्यांच्या होडीवर एकाला लागलं तरी होडी माघारी येते, जाळं रिकामं असलं तरी. तो हसला. आम्ही काही मासे धरायला निघालो नाही, म्हणाला.

रिक्षाने आगरदांड्याच्या जेट्टीवर आलो. भावाला फोन केला, तो माणगावहून जीप घेऊन निघाला. दोन तास लागतील म्हणाला. समोर दिघीला जाणारी फेरीबोट लागलेली, गाड्या चढत होत्या. नवरा एकदा बोटीकडे बघायचा, एकदा घड्याळाकडे.

“मी जाऊ का पुढे? तुझा भाऊ येतोच आहे.”

“जा हो. माझ्यासाठी कशाला अडून राहता?”

बायको असं म्हणते तेव्हा थांबायचं असतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. एकतीस वर्षांत ह्या माणसाला कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही. त्याने माझ्या पिशवीतून बॅटरी आणि लाडवांचा डबा काढून घेतला, तुला आता लागणार नाहीत म्हणाला, आणि चढला. वरून हातही केला. मीसुद्धा केला, ही माझी अक्कल! मग मी दोन तास त्या जेट्टीवर बसले आणि रडले. पाय दुखत होता म्हणून नाही. मेला पाय तर बधिरच होता.

माणगावच्या डॉक्टरने वाचवायची खटपट केली, पण सहाव्या दिवशी करंगळी काढावी लागली. नवरा हरिहरेश्वर करून चौथ्या दिवशी आला होता, उन्हाने काळा पडलेला, खुशीत. त्याने माझं सगळं केलं, हेही लिहिते. गोळ्या दिल्या, मऊ भात केला, मला धरून संडासात नेलं. लोक म्हणाले, नशीबवान आहेस. जेट्टीचा विषय मात्र त्याने काढला नाही. मीही नाही काढला. आपलेच दात, आपलेच ओठ.

तीन महिन्यांनी त्याचे सकाळी फिरायला जाणारे मित्र बायकांना घेऊन घरी आले. मी काठी घेऊन स्वयंपाकघरात, नवरा बाहेर फोटो दाखवत. दिवेआगरची वाळू, श्रीवर्धन, हरिहरेश्वरचा कडा. कुणीतरी विचारलं, वहिनींनीही केलं एवढं? तो म्हणाला, अहो मग, आम्ही दोघांनी मिळून केलं, एक बोट गेलं तिचं पण हटली नाही.

मी बाहेर आले. हातातले पोहे खाली ठेवले.

“आम्ही नाही, तुम्ही. मी आगरदांड्याला बसले होते. तुम्ही मला जेट्टीवर सोडून गेलात.”

मग एकजण म्हणाला, वहिनी काय फिरकी घेतात हो! आणि सगळे हसले. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला नीट कळलं होतं, ते त्याच्या डोळ्यांत दिसलं. मग तोही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आणि पुढचा फोटो दाखवायला लागला.