सड्यावर पडलेलं रॉकेट

दीड तास झाला तरी भिकाजी थांबायचं नाव घेईनात. कोरगावच्या सड्यावर, त्या कातळाच्या उघड्या माळावर, काजूची झुडपं बाजूला सारत ते पुढे, आणि त्यांची वहिनी विमला मागे. सकाळी उडवलेलं पोरांचं रॉकेट वर गेलं झकास, पण त्याला अलगद खाली आणणारी छत्री काही उघडली नाही. इकडेच कुठेतरी येऊन आपटलं होतं. पोरं सड्याच्या दुसऱ्या अंगाला शोधत होती.

“भावजी, जरा टेका तरी.”

“टेकल्यार रॉकेट गावतला? शनिवारी स्पर्धा आसा, वहिनी.”

स्वभावच तसा. डिचोलीकडच्या खाणीवर तीस वर्षं फिटर होते, तेव्हाही भरल्या ताटावरून उठून यंत्र चाचपून यायचे. खाण बंद पडली आणि घरी बसलेल्या माणसाला रॉकेटांचा नाद लागला. पहिली चार माडांत अडकली. गाव त्यांना ‘चंद्रावरचे’ म्हणू लागलं. पण बारा वर्षांत हात असा बसला की इंजिनिअरिंगची पोरं दर वर्षी त्यांच्या पडवीत शिकायला येऊ लागली. ते रागवत नसत. नुसतं म्हणत, “परत उघड, परत लाव.” चहा आणि उंडे पाव विमलेकडे.

आज तिच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. छत्री सोडणाऱ्या यंत्राच्या वायरी त्या पोरांतल्या ऋतिकाने जोडलेल्या. रॉकेट पडताच पोरांचा म्होरक्या गौरेश सगळ्यांसमोर म्हणाला होता, “तुझ्याच वायरी सुटल्या असणार. शनिवारी तू येऊ नकोस.” पोर मान खाली घालून शोधायला निघाली होती. वर्षभर रविवार न बघता राबलेली पोर.

“गावला,” भिकाजी म्हणाले.

करवंदीच्या जाळीत नाक चेपून पडलं होतं. ते उकिडवे बसले, झाकण उघडलं, एकेक वायर ओढून पाहिली. सगळ्या घट्ट. मग बाहेरून फिरणारं त्यांचं बोट गंधाच्या वाळलेल्या टिळ्यापाशी अडलं.

“वहिनी, ह्या गंध कोणी लावल्यान?”

“मीच. सकाळी नारळ फोडलो, तेव्हा देवाचा नाव घेऊन लावलंय. थय टाचणीएवढा भोक दिसला. वाटला, खिळ्याचा रवला. बुजवून टाकलंय नीट.”

“त्या भोकातसून हवा आत जाता. हवा विरळ झाली काय यंत्राक कळता, वर पोचलंव. मगे ता छत्री सोडता.”

विमला तिथेच दगडावर बसली. देवाचं नाव घेतलं त्याचं तिला काही वाईट वाटलं नाही. ऋतिकाचा खाली गेलेला चेहरा तेवढा डोळ्यांपुढून हलेना.

“तुम्हीच सांगा पोरांक,” ती म्हणाली. “माका हसतली ती.”

भिकाजी चार पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले.

“चूक माझी पण आसा. वायरी चार वेळा बघितलंय, भोक एकदा पण नाय. ता मी सांगतलंय. पण गंधाचा मी सांगलंय तर म्हणतली, म्हातारो पोरीक सांभाळून घेता. गौरेशाक पटाचा नाय.” त्यांनी रॉकेट खांद्यावर घेतलं. “वहिनी, माझा एक ऐका. आताच चला, आणि सगळ्यांच्या समोर ऋतिकाक तुमच्या तोंडान सांगा.”