शेवटच्या दिवसाचा शिक्का

लोरेटा पिव्होन्काबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. कोर्टाच्या दाखल-कक्षात अकरा वर्षं आम्ही शेजारशेजारच्या खिडक्यांवर बसलो, पण तिला भावंडं किती, तिचं लग्न का मोडलं, यातलं मला काहीच माहीत नाही. मी निवृत्त झालो तरी दर गुरुवारी दुपारी कोर्टासमोरच्या खानावळीत सूप प्यायला जायचो. ती तिथे जेवायला यायची म्हणून जायचो, हे तिला कधी सांगितलं नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी तिने वकील व्हायचं ठरवलं. इतकी वर्षं वकिलांचे चुकलेले कागद तीच खिडकीतून नीट करून देत होती.

"वकील झालीस की आम्हाला ओळख दाखवशील का गं?" बेलिफ एमेटने तिला विचारलं. तोही आमच्याच टेबलावर बसायचा.

"तुझ्यावरच पहिला खटला भरणार आहे. माझे डोनट कोण पळवतं, त्याचे पुरावे आहेत माझ्याकडे."

नोकरी आणि घर सांभाळून जमेल असं एकच लॉ स्कूल होतं: आमच्याच गावातलं, संध्याकाळच्या वर्गांचं. एका गुरुवारी तिने कागदी रुमालावर आकडे मांडून दाखवले. प्रवेश परीक्षेत एकशे पंचावन्न. दोनदा दिली, दोन्ही वेळा तेवढेच. आदल्या वर्षी तिथे घेतलेल्यांचा मध्यांकही एकशे पंचावन्न, म्हणजे निम्मे त्याच्या वर, निम्मे खाली. कॉलेजातले गुणही तिथल्या मध्यांकापेक्षा केसभरच कमी.

"मग मिळेल की नाही?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही, मिस्टर क्रेब्ज. वर असते तर त्यांचाच मध्यांक वाढतो म्हणून त्यांनी घेतलं असतं. खूप खाली असते तर मी अर्जच केला नसता. मी आहे बरोब्बर मध्ये. घेतलं काय, न घेतलं काय, त्यांना काहीच फरक पडत नाही."

ती हसली. मग तिने रुमाल उलटा करून त्यावर कप ठेवला.

अर्ज सप्टेंबरात सुरू झाले होते. मुदत एक मार्चपर्यंत. अर्जासोबत स्वतःविषयी दोन पानं लिहायची असतात, ती तिने ऑक्टोबरातच लिहून काढली आणि मला वाचायला दिली. मला ती चांगली वाटली, पण असं तोंडावर सांगणं मला जमत नाही.

"पाठवून देऊ का?" तिने विचारलं. "की अजून जरा हात फिरवू?"

"घाई कसली?" मी म्हणालो. "मुदत मार्चपर्यंत आहे ना? शेवटच्या दिवशी पाचला एक मिनिट कमी असताना मारलेला शिक्का पहिल्या दिवसाच्या शिक्क्याइतकाच पक्का असतो. कोण आधी आलं, ते कोणी विचारत नाही."

अडतीस वर्षं मी हेच पाहत आलो होतो, आणि तीही तशाच खिडकीतली. तिला पटलं. चार महिने ती त्या दोन पानांवर शब्द बदलत राहिली. अर्ज पाठवला सत्तावीस फेब्रुवारीला.

एप्रिलमध्ये पत्र आलं: प्रतीक्षा यादी. तिने ते टेबलावर ठेवलं. एमेटची पुतणी दुसऱ्या एका गावात अशाच प्रवेश कार्यालयात काम करते. तो पत्र वाचून ओरडलाच.

"फेब्रुवारीत पाठवलास? अगं बाई, ते लोक शरद ऋतूपासूनच जागा वाटत सुटतात! हुशार पोरं कधीही आली तरी चालतं. मधल्यांनी पहिल्या दिवशी दारात उभं राहायचं असतं. तुला कोणी सांगितलं थांबायला?"

लोरेटा सूप ढवळत राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "कोणी नाही," ती म्हणाली. "मलाच वाटलं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो.

तो सगळा उन्हाळा ती फोन वाडग्याशेजारी ठेवून जेवली. अजूनही यायची इच्छा आहे, असं पत्र तिने लॉ स्कूलला दोनदा पाठवलं. ऑगस्टमध्ये यादी बंद झाली.

पुढच्या वर्षासाठी सप्टेंबरात तिने पहिल्याच दिवशी अर्ज केला. पण नव्या वर्गाचा मध्यांक एकशे सत्तावन्नवर गेला होता.

"मी जागची हलले नाही, मिस्टर क्रेब्ज," ती म्हणाली. "मध्यच सरकला." नाताळाआधी नकार आला. आकडे तेच, पण आदल्या ऑक्टोबरात ते पुरले असते असं मला वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

मग तिने डकोटातल्या एका लॉ स्कूलमध्ये अर्ज केला. तिथला मध्यांक एकशे बावन्न. तीन आठवड्यांत होकार आला. वर्ग मात्र दिवसाचे, आणि जागा आमच्या गावापासून दोन दिवसांच्या प्रवासावर. तिने नोकरी सोडली, वडिलांनी बांधलेलं घर विकलं.

ती निघाली त्या सकाळी मी गेलो. काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो: ऑक्टोबरात मी तुला थांबवलं, चूक माझी होती. गाडी खोक्यांनी गच्च भरली होती. ती एक दिवा मागे कोंबत होती आणि तो काही मावत नव्हता. मी तो आडवा करून दिला.

"आता बसला," ती म्हणाली. "मागचं दार जरा जोरात लावाल का? हल्ली अडकतं."

मी लावलं.

"लागलं?"

"लागलं."

"बरं. येते मग."

"हो," मी म्हणालो. "सावकाश चालव."