तेराव्याला सुटणारी पत्रे

निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी कुणाच्या तेराव्याला जेवायला बसलो की ते प्रकरण माझ्या पानात येऊन बसते. शेजारच्याच्या खिशात फोन वाजला की घास हातातच राहतो. घरची मंडळी हसतात. हसू देत. त्या दुपारी ते सगळे माझ्याबरोबर मंडपात असते तर त्यांच्याही घशाखाली काही उतरले नसते. नाव मी कुणाचेच देणार नाही. त्यातली बरीच माणसे अजून त्याच किनाऱ्यावर राहतात.

मी तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. थळच्या बाजूच्या एका गावातून एक गृहस्थ सून हरवल्याची तक्रार घेऊन आले. ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद केली, फोटो आजूबाजूच्या ठाण्यांना गेला, नातेवाइकांकडे चौकशी झाली. सून आपला फोन घरीच ठेवून गेली होती. ते मला खटकले. आपल्या मर्जीने निघालेले माणूस सहसा फोन सोडत नाही. तो मागे राहिला तर एकतर तिला तो कुणी घेऊ दिला नाही, किंवा कुणी आपला माग काढू नये अशी तिचीच इच्छा आहे. दोन्हींपैकी कुठलेही खरे असले तरी काळजीचेच.

सासरा समाजाच्या समितीतला वजनदार माणूस. माझ्यासमोर बसून रडला. "साहेब, आमची सून जिती हाय का मेली, तेवढं तरी सांगा. डोल्याला डोला न्हाय लागला." नवरा त्याच्या खुर्चीमागे उभा होता. त्याने एकच विचारले, "सापडली की पयला फोन मलाच कराल ना?" काळजीतला नवरा आधी 'सापडेल ना?' असे विचारतो. पण नुसत्या प्रश्नावरून कुणावर गुन्हा दाखल होत नाही.

खबर मिळाली ती पेट्रोल पंपावरच्या एका माणसाकडून. न्हावा शेव्याला कंटेनर ओढणाऱ्या एका ट्रेलरच्या केबिनमध्ये त्याने तिला बसलेले पाहिले होते. गाडी ओळखीची होती. तिचा ड्रायव्हर म्हणजे सुनेच्या भावाचा लहानपणापासूनचा मित्र. बंदराबाहेरच्या पार्किंगमधून त्याला चौकशीसाठी आणला. आमची जीप ठाण्यात शिरायच्या आत बातमी गावात पोचली होती. ड्रायव्हरने बाईचे बरेवाईट केले आणि खाडीत टाकली, असे गावाने ठरवूनच टाकले. फाटकाबाहेर गर्दी जमली. त्यात तिचे दीर पुढे.

"ती कुठे आहे?" मी विचारले.

"सुखरूप हाय साहेब."

"कुठे, ते विचारतोय मी."

"ते सांगनार न्हाय. शब्द दिलाय तिला."

"बाहेर लोक काय म्हणताहेत, ऐकू येतंय ना?"

"येतंय. पन मागच्या टायमाला ती मावशीकडं गेली, तर तिथून केसाला धरून आनली साहेब. मावशीनंच भीतीपायी सांगितलं होतं. तवापासून ती कुनावर भरवसा ठेवत न्हाय. पोलिसांवर बी न्हाय." तो खाली मान घालून बोलत होता. "तिनं भावाला लिवलंय सगलं. माझ्या समोर लिवलंय. तो बोलला, सांग, तर सांगीन."

आईवडील गेलेल्या त्या मुलीला हा एकच भाऊ. तो मालवाहू जहाजावर, भर समुद्रात. कंपनीमार्फत त्याला निरोप धाडला. उत्तर आले की बहिणीचे कसलेही पत्र त्याला आलेले नाही.

मी खोलीत परत आलो आणि ते ड्रायव्हरला सांगितले. तो माझ्याकडे बघतच राहिला. "असं कसं? भाऊ खोटं बोलंल काय?" माझे सहायक निरीक्षक मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, "सर, हा आपल्याला खेळवतोय. खाडीत शोध सुरू करू." त्यांचे चुकत नव्हते. खोटे बोलणारा नेहमी असाच साक्षीदार देतो, जो हाताशी लागत नाही. माझे मनही तिकडेच झुकत होते, आणि तरी खात्री होत नव्हती. हा खरे बोलत असेल तर मी निरपराध माणसाला गर्दीच्या तोंडी देत होतो. खोटे बोलत असेल तर एक बाई कुठेतरी मरत होती, किंवा मेली होती.

तेवढ्यात भावाचा दुसरा निरोप आला. पहिल्या उत्तरानंतर त्यालाही चैन पडले नसावे. त्याने लिहिले होते, 'माझा जहाजावरचा पत्ता तिच्याकडे नाही. काही कळवायचे असले तर ती समाजाच्या पत्त्यावर माझे नाव घालून लिहिते. लग्नाआधी एकदा तिने माझ्या वाढदिवसाला असेच लिहिले होते. ते पत्र साऱ्या समाजाने वाचले आणि शिपवर माझी खूप चेष्टा झाली. ती लाजेल म्हणून मी तिला ते कधी सांगितले नाही.'

हे नीट सांगायला हवे. त्या पट्ट्यातल्या गावांतली कितीतरी मुले जहाजांवर कामाला आहेत. समुद्रात फोन लागत नाही, मेल मात्र मिळते. म्हणून समाजाने एक ईमेलचा पत्ता करून घेतला होता. त्या पत्त्यावर कुणीही लिहिले की त्याच्या प्रती निघून सगळ्या सभासदांना जात. कुणाचे लग्न, गावकीची सभा, कुणाचा मृत्यू, सगळे त्यावरून कळे. लोकांना तो गावचा पोस्टमनच वाटे. वर नाव घातले की ज्याचे त्याला पोचते, अशी पुष्कळांची समजूत. आणि सभासदांत त्या मुलीचा सासरा होता, दीर होते, नवराही होता.

मी ड्रायव्हरला विचारले, "तिने कुठल्या पत्त्यावर लिहिले?"

"समाजाच्या. वर मोठ्या अक्षरात टाकलंय, फक्त दादासाठी."

"अरे, तो पत्ता एकट्याचा नाही. तिथे आलेले पत्र सगळ्यांना जाते. तिच्या नवऱ्यालाही."

माझ्या नोकरीत मी घाबरलेली माणसे खूप पाहिली. मारहाणीला घाबरणारी, तुरुंगाला घाबरणारी, बायकोला कळेल म्हणून घाबरणारी. हा माणूस खुर्चीवरून उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "साहेब, त्यात तिनं घरमालकिनीचं नाव लिवलंय! फोन नंबर लिवलाय! थांबवा ते, पाया पडतो!" मला त्याच क्षणी कळले की बाई जिवंत आहे. मेलेल्या बाईचे पत्र पोचेल याची धास्ती खुन्याला वाटत नाही.

दिलेला शब्द त्याने तिथेच मोडला. ती नागावात, एका काकूंच्या होमस्टेच्या स्वयंपाकघरात होती. तिथल्याच कॉम्प्युटरवरून तिने ते पत्र पाठवले होते. आमच्या महिला हवालदाराला मी लगेच गाडी देऊन तिकडे पिटाळले. पण एक कोडे राहिलेच होते. पत्र सगळ्यांना जाते, तर ते अजून कुणालाच कसे मिळाले नव्हते?

ड्रायव्हरच म्हणाला, "समाजाचे म्हातारे अध्यक्ष वारले ना साहेब. तेराव्यापर्यंत कुनाचाच निरोप सोडायचा न्हाय, असा रिवाज हाय. मेल बी बंद ठेवलीय, ते माझ्या ध्यानातच न्हाय रायलं." मग तो ओरडलाच. "तेरावा आजच हाय."

समाजाच्या सचिवांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तेराव्याच्या पंक्तीत वाढणाऱ्या माणसाला फोन कसला ऐकू येणार? मी जीपमध्ये बसलो. रस्ता जवळचाच, पण त्या दिवशी प्रत्येक वळणावर समोरून काहीतरी येतच होते. थळच्या बाजूने नागावला मोटारसायकलवर असे कितीसे अंतर? माझी हवालदार आधी पोचते की तिचा नवरा, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात चालू होता.

समाजमंदिरासमोर मंडप, त्यात पंगत बसलेली. सासरा पहिल्या रांगेत, नवरा त्याच्या शेजारी. कडेच्या खोलीत नवी मुंबईहून आलेला संगणकवाला लॅपटॉप उघडून बसला होता. समितीने त्याला सांगून ठेवले होते की सुतकात यंत्रणा बंदच आहे, तर तेवढ्यात नव्या सर्व्हरवर हलव आणि तेराव्याला चालू करून दे.

"काय करतोयस?"

"जोडणी झाली सर," तो खुशीत म्हणाला. "मेल सर्व्हर म्हणजे दारावर पत्र घेणारा. सभासदांच्या यादीचं सॉफ्टवेअर म्हणजे त्याच्या प्रती काढून वाटणारा. दोघांचं बोलणं बंद होतं, ते आता सुरू केलं."

"आणि मधल्या दिवसांत आलेली पत्रे?"

"ती दारावरच रांगेत होती. आता एकेक करून निघतायत."

"पाठवणारा सभासद आहे का, ते कोणी बघत नाही?"

"नाही सर. शिपवरची पोरं दर वेळी वेगळ्याच पत्त्यावरून लिहितात. तपासणी ठेवली तर त्यांचंच अडकायचं. म्हणून ठेवलीच नाही."

माझ्याबरोबरच्या शिपायाने झटकन पुढे होऊन भिंतीतली पिन उपटली. लॅपटॉप आपला चालूच. "अहो, सर्व्हर इथं नाहीच," संगणकवाला ओरडला, "तो लांब आहे कुठंतरी!" आणि तेवढ्यात बाहेर मंडपात पहिला फोन वाजला. मग दुसरा. मग पंगतभर खिशांतून टिंग टिंग सुरू झाले.

"थांबव!" मी म्हणालो. "रांग थांबव, जोडणी तोड, काय वाटेल ते कर. एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे."

तो लगेच लॅपटॉपवर वाकला. घाईत पासवर्ड एकदा चुकला. मी दारात जाऊन उभा राहिलो. सासऱ्याने डाव्या हाताने फोन काढला, लांब धरला, मग चष्मा शोधू लागला. नवऱ्याने स्वतःचा फोन काढला होता आणि तो वाचत होता. त्याच्या चेहऱ्यावरून मी नजर हलवली नाही. बापाने विचारले, "काय आलाय रं?"

"विहिरीचा गाळ काढायचाय, रविवारी."

पुन्हा एकदा टिंग झाली. तो पुन्हा वाचू लागला. माझा हात माझ्याही नकळत दाराच्या चौकटीवर आवळला गेला होता. ते कुणाच्या तरी साखरपुड्याचे आमंत्रण निघाले. त्यानंतर काही वाजले नाही. मागून संगणकवाल्याचा बारीक आवाज आला, "थांबली सर. 'फक्त दादासाठी' असं लिहिलेलं एक आहे, ते पुढचंच होतं."

ते पत्र तपासाच्या कागदांत घेण्यासाठी रीतसर पंचनामा करून काढले. मी ते त्या वेळी वाचले नाही. ज्याच्यासाठी होते त्याने आधी वाचावे, एवढीच इच्छा होती. नवऱ्यावर आणि सासऱ्यावर पुढे छळाचा गुन्हा दाखल झाला. ड्रायव्हरला ठाण्याच्या मागच्या दाराने घरी सोडावे लागले, कारण पुढच्या दाराची गर्दी अजून त्याचाच खून पाडायला निघाली होती. एकदा ठरवलेले मत लोक सहजी सोडत नाहीत. आम्ही पोलीसही सोडत नाही.

संध्याकाळी मी नागावला गेलो. नारळ-सुपारीच्या वाडीत मागच्या पडवीत ती बसली होती आणि होमस्टेच्या काकू तिच्या पाठीवर हात ठेवून होत्या. हवालदाराने जबाब लिहून घेतला होता. मारहाणीचे सगळे तिने सांगितले, डोळ्यांत पाणी न आणता. मी तिला म्हटले, "ताई, आता भिण्याचं कारण नाही."

ती म्हणाली, "मारानं न्हाय मी खचले साहेब. मी दादाला सगलं लिवलं, काकूंचा नंबर बी दिला. शिप बंदराला लागली की फोन करंल म्हनून रोज फोनपाशी बसायची. त्यानं वाचलं आनि गप रायला. त्याला बी वाटलं आसंल, पोरीनं सासर सोडलं, नाक कापलं."

काकू मला म्हणाल्या, "दोन दिवस झाले, जेवत नाही ही. परत जाते म्हणत होती, त्याच घरी. आज सकाळी पिशवीसुद्धा भरली होती."

तपासात आम्ही माणसाने काय केले, काय सांगितले, ते शोधतो. त्या प्रकरणाने मला शिकवले की कुणी गप्प राहिले तर त्याच्यापर्यंत निरोप पोचला होता का, हे सगळ्यात आधी बघावे. पुढे भावाभावांची भांडणे, नवराबायकोची भांडणे माझ्या टेबलावर आली की मी पहिला प्रश्न तोच विचारी. कितीदा तरी समोरच्याला काही ठाऊकच नसे, आणि इकडे हे लोक वर्षानुवर्षे जळत बसलेले असत.

तिला मी सांगितले, "तुझं पत्र त्याला मिळालेलंच नाही. समाजाच्या पत्त्यावरच अडकून पडलं होतं. तू हरवलीस हेही त्याला आम्हीच कळवलं. त्यानंतर तुझ्यासाठी तो सारखा निरोप पाठवतोय."

ती उभी राहिली. एवढा वेळ कोरडी राहिलेली ती मुलगी काकूंच्या गळ्यात पडून रडायला लागली, आणि मध्येच हसायला लागली. "त्याला मिललंच न्हाय काकू! दादाला मिललंच न्हाय!" इतक्या वर्षांच्या नोकरीत मी लोकांना चांगल्या बातम्या थोड्याच दिल्या. पण आपले पत्र पोचले नाही हे ऐकून इतके आनंदलेले माणूस मी दुसरे पाहिले नाही.